तेहतीस डबे

रविवार, २९ मार्च

वायरच्या कंपनीनं नव्या वर्षाला ही डायरी भेट दिली होती. तिच्यात आजवर पाण्याच्या मोटारींचे नंबर आणि शेतकऱ्यांना दिलेले वायदे एवढंच लिहिलं. त्यातला एकही वायदा वेळेवर पाळला गेलेला नाही, पण तो रिवायंडिंगच्या धंद्याचा धर्मच आहे. आजपासून घरातलं लिहितो. घरात जे चाललंय ते तोंडी सांगून कुणाला खरं वाटायचं नाही.

माझ्या बायकोचं, मेहबूबबीचं, हजच्या सोडतीत नाव लागलं. डाळजचा तिचा भाऊ आणि भावजय सोबतीला आहेत. फॉर्म माझाही होता. पण दोन वर्षांपूर्वी छातीत स्टेंट बसवल्यापासून ऊन आणि गर्दी म्हटलं की डॉक्टर मान हलवतात. त्यांनी माझ्या कागदावर सही केली नाही. मी म्हटलं, मेहबूब, तू जा. पाच मेला निघायचं आणि चाळीस दिवसांनी परत यायचं.

आता घोडं अडलंय ते माझ्या दुपारच्या जेवणावर. सकाळ-रात्रीचं माझं मी भागवीन. मला साखर आहे. गोळी घेतली की एकच्या ठोक्याला अन्न पोटात पडावं लागतं. मागं ती तीन दिवस लेकीकडं, समिनाकडं, वरकुट्याला गेली होती. मी कामाच्या नादात जेवायचं विसरलो आणि तीन वाजता एका पाच एचपीच्या मोटारीवर आडवा झालो. लोकांनी उचलून बारामतीला दवाखान्यात नेलं. तेव्हापासून ती पणदरे सोडून कुठं मुक्कामाला गेलेली नाही.

समिना म्हणते आमच्याकडं या, पुण्याहून पोरगा अबरार म्हणतो आमच्याकडं या. पण एप्रिल-मेमध्ये व्होल्टेज पडतं आणि मोटारी धडाधड जळतात. उसाला पाणी द्यायच्या वेळेला मी दुकान बंद केलं तर लोक मला उसातच गाडतील. शेजारच्या हिंदुरावांची बायको जयवंता म्हणाली, "भाबी, मिस्त्रींचा डबा आमी देऊ की. चाळीस दिसांचं काय मोठंसं!" त्यावर मेहबूबनं सरळ नाही म्हटलं.

मला घरी येऊन म्हणाली, "हजला जाताना मागं कुणाचं उपकार ठिवून जायचं न्हाय. नवरा दुसऱ्याच्या चुलीवर टाकून मी तितं कुठल्या तोंडानं दुवा मागू?"

शेवटी वाट काढली अबरारच्या बायकोनं, मेहरीननं. ती पुण्यात नोकरी करते. रविवारी सगळ्या आठवड्याचे डबे करून फ्रीजरमध्ये गोठवते आणि रोज एकेक काढते. फोनवर व्हिडिओ लावून तिनं सासूला सगळं दाखवलं. बटाटा घालायचा नाही, गोठला की भुसा होतो. रस्सा दाट ठेवायचा. अन्न पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही आणि डबा काठोकाठ भरायचा नाही. चपात्या अर्ध्याकच्च्या भाजून मध्ये कागद घालायचा. आदल्या संध्याकाळी डबा खाली काढून ठेवायचा, दुपारी गरम करायचा.

आज त्याची पहिली परीक्षा झाली. सकाळी सातपासून स्वयंपाकघरात जत्रा. हरभऱ्याची उसळ, मेथीची डाळ, दोडका, मटकी, वांग्याचं भरीत, चिकनचा रस्सा. सहा डबे. शुक्रवारी दुकान बंद असतं, म्हणून शुक्रवार वगळून. औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी आणून तिनं प्रत्येक झाकणावर तारीख आणि भाजीचं नाव लिहिलं. सातवी शिकलीय, पण अक्षर माझ्यापेक्षा सरळ आहे.

मी म्हटलं, "म्हंजे आता आठवडाभर शिळं खायचं."

"सकाळी शिळी भाकरी दुधात चुरून कोण खातं? तवा शिळं दिसत न्हाय व्हय?"

ती भाकरी असते, हे तिला कोण सांगणार.

सोमवार, ३० मार्च

डबा रात्री खाली काढायला विसरलो. हरभऱ्याची उसळ वरून गरम आणि मध्ये बर्फ. दाताखाली कडकड वाजली. घरी सांगितलं, "फस्ट क्लास!" तिचा चेहरा उजळला. एवढंसं खोटं माफ असावं.

गुरुवार, २ एप्रिल

तीन दिवस खाल्लं. वाईट नाही, पण ताजं ते ताजं. आज डबा उघडला आणि दोडका बघून मन उठलं. मोटार न्यायला सांगवीकडचा म्हस्कू येऊन बसला होता. त्याला म्हटलं, "जेवला न्हाईस ना? घे." मी स्टँडवर जाऊन मिसळ खाल्ली. तर्री झकास होती. डबा घासून घरी नेला. कोंबड्यालासुद्धा कळायचं नाही.

शुक्रवार, ३ एप्रिल

कोंबड्याला कळलं नाही, पण म्हस्कूला तोंड आहे हे मी विसरलो. जुम्म्याची नमाज पढून घरी आलो तर हा अंगणात चहा पीत बसलेला. मोटारीचा नट घ्यायला आला होता आणि सांगत होता, "भाबी, दोडक्याची भाजी म्हंजे काय भाजी! आमची कारभारीण असली कवा करंल म्या मरायच्या आदी?"

मेहबूबनं त्याला आणखी चहा ओतला. म्हस्कू गेल्यावर विचारलं, "आन तुमी काय खाल्लं?"

मी मिसळ म्हटलं. सोबत किती पाव खाल्ले तेही तिनं विचारून घेतलं.

"मग म्या जात न्हाय," ती म्हणाली. माझ्यासमोर डाळजला फोन लावून भावाला तसं सांगूनही टाकलं.

मी पुष्कळ विनवलं. माझीच लाज वाटली. पण नवल सांगतो. जात नाही म्हटल्यावर ती चांगली मोकळी दिसायला लागली. महिनाभर गप्प होती, ती संध्याकाळी जयवंताशी कुंपणापाशी अर्धा तास हसत उभी राहिली, आणि मग माझ्यासाठी मुद्दाम ज्वारीच्या भाकरी थापल्या. रागावलेली बाई असं करते का? चाळीस वर्षं झाली, मला अजून बायकांचं गणित सुटलेलं नाही.

सोमवार, १३ एप्रिल

दहा दिवस लिहायला तोंड नव्हतं. आता आहे.

मी निश्चय केला होता की रोज डबाच खायचा, आणि साक्षीदार ठेवून खायचा. रोज एक वाजता हिंदुरावांना दुकानात बोलावून समोर बसवलं. ते निवृत्त कारखाना कर्मचारी, त्यांना तसंही कुणावर तरी देखरेख करायला हवीच असते. डबा आदल्या संध्याकाळी काढणे, गरम करणे, खाणे, सगळं त्यांच्यादेखत. शनिवारी बारामतीला जाऊन साखर तपासली. गेल्या वर्षभरात एवढी चांगली आली नव्हती. कागद आणून मेहबूबच्या हातात दिला.

तिनं कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, "यवडी घाई का वो मला धाडायची?"

मी म्हटलं, "घाई कसली? नशिबानं नाव लागलंय. लोकं दहा-दहा वर्सं वाट बघत्यात."

"तितं माणसांचा समुद्र असतूय म्हणं. म्या तर बारामतीच्या बाजारात बी तुमच्या मागं मागं चालती."

"भाऊ हाय की संगं. तू डब्याची काळजी सोड, म्हंजे झालं," असं मी तिला समजावलं. शेवटी सगळी अडचण डब्याचीच आहे. आज तिनं डाळजला पुन्हा फोन केला. जायचं ठरलं. सुटलो एकदाचा.

गुरुवार, १६ एप्रिल

चाळीस दिवसांतले सहा शुक्रवार समिनाकडं आणि एक ईद समिनाकडं. उरले तेहतीस डबे. घरच्या फ्रिजमध्ये सहाच मावतात.

हिंदुरावांच्या ऋषिराजनं कधीकाळी आइस्क्रीमचं दुकान काढलं होतं. ते वितळलं. त्याचा आडवा डीप फ्रीजर गोठ्याजवळ पडून होता. त्याच्यात पेंड ठेवत होते. मी तो दुकानात आणून उघडला, कपॅसिटर बदलला, बारामतीहून माणूस आणून गॅस भरला, आणि सोडा टाकून तीनदा धुतला. संध्याकाळी आत बर्फ धरला. मी तेवढ्यानं बारा एचपीची मोटार जिंकल्यासारखा दुकानभर फिरलो.

घराच्या दारातून तो आत जाईना, शिवाय घरचं व्होल्टेज कमजोर. म्हणून दुकानातच ठेवला. एक धोका आहे. तीस वर्षांची माझी सवय, शटर ओढायच्या आधी मेन स्विचचा दांडा खाली. जळक्या मोटारींचं दुकान, वायर उघड्या, त्यामुळं हात आपोआप जातो. आता तो दांडा वरच ठेवायचा. आठवण म्हणून त्याला लाल फडकं बांधलं.

बुधवार, २२ एप्रिल

अठरा डबे झाले. फडकं काम करतंय.

बुधवार, २९ एप्रिल

तेहतीस पूर्ण. एकावर एक रचलेले, तारखेप्रमाणे. पाच मे मुगाची उसळ, सहा मे पालक डाळ, असं करत तेरा जूनपर्यंत. मी दिवसातून चार वेळा झाकण उघडून बघतो. मेहबूब म्हणते, उघडू नका, गारवा जातो. पण बघितल्याशिवाय चैन पडत नाही. तेरा जून सगळ्यात खाली आहे.

आताशा झोप लागत नाही. यंदा उकाडा फार आहे.

गुरुवार, ३० एप्रिल

विशेष काही नाही. दोन मोटारी दिल्या, एक आली.

संध्याकाळी मेहबूब दुकानात आली. ती सहसा येत नाही. हजला निघायच्या आधी सगळ्यांकडून माफी मागून जायचं असतं. गेले चार दिवस ती घरोघर तेच करत फिरतेय. जिच्याशी कधी बोललीसुद्धा नाही तिच्याही दारात जाऊन आली. मला वाटलं दमून टेकायला आली असेल. स्टुलावर बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली,

"आता तुमीच ऱ्हायला. चाळीस वर्सात कमी-जास्त बोलले आसन, तुमच्या मनाला लागलं आसंल. माफ करा मला."

हातात पक्कड होती, ती मी दोनदा उघडली आणि मिटली. मग म्हटलं, "बरं बरं. चल, उशीर झाला, दुकान बंद करायचंय."

तिनं पदर पुन्हा सारखा केला. मग उठली. मी हत्यारं आवरली, नेहमीसारखं दुकान बंद केलं आणि दोघं पायी घरी आलो.

शनिवार, २ मे

काय लिहू?

काल एक मे, त्यात शुक्रवार. दुकान उघडलंच नाही. आज सकाळी नऊ वाजता शटर वर केलं तर फरशीवर पाणी. फ्रीजर गप्प. मेनचा दांडा खाली, आणि त्याच्यावर लाल फडकं तसंच बांधलेलं. मी फडक्यासकट दांडा ओढला होता. दोन आठवडे एकदाही चुकलो नाही आणि गुरुवारीच कसा चुकलो? त्या दिवशी तर काही घडलंही नव्हतं.

झाकण उघडलं. डबे अजून गार होते, पण बर्फ सगळा सुटलेला. मी तिथंच फरशीवर पाण्यात बसलो. हिंदुराव आले, त्यांनी बघितलं, तसेच जाऊन मेहबूबला घेऊन आले.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं एकेक डबा उघडून वास घेतला, बोटानं दाबून बघितलं. वरच्या थरातले आठ तिनं बाजूला काढून टाकायला लावले. बाकीच्या पंचवीसांवर हात ठेवून म्हणाली, "ह्ये चांगलं हायती. पण पुन्यांदा गोठवायचं न्हाय. आजच्या आज चांगलं उकळून खायाला पायजे."

"पंचवीस डबे कोण खाणार?"

"गाव हाय की. अन्न टाकून हजला जाऊ व्हय?" असं म्हणाली, आणि मग एकदम थांबली. "हजला आता कुठलं जाणं."

माझ्या छातीत कसंतरी झालं. स्टेंटचं नाही, दुसरंच.

जयवंता आली. तिघांनी मिळून घरच्या आणि शेजारच्या शेगडीवर एकेक डबा खळखळून उकळला आणि पुन्हा भरला. शनिवार असल्यानं चिकनचे पाच डबे वेगळे काढले. ते आमच्या मोहल्ल्यात. बाकीचे ऋषिराजच्या गाडीत घालून मी स्वतः दारोदार दिले. सारजाआजी, डेअरीवाला राम, शाळेजवळची स्वप्नाली, म्हस्कूसुद्धा. कुणी विचारलं, "मिस्त्री, कशाचं वो?" की सांगायचं, "मेहबूब हजला निघालीय, तिच्या हातचं आहे." खोटं नव्हतं, पण खरंही राहिलं नव्हतं. प्रत्येक झाकणावर तिच्या सरळ अक्षरात तारीख होती. सोळा मे. बावीस मे सोडून तेवीस मे. दहा जून. मी माझे पुढचे चाळीस दिवस गावाला वाटत फिरलो.

रविवार, ३ मे

सकाळी तिला बसवून पाऊण तास भाषण दिलं. म्हटलं, मी हॉटेलात साधी भाजी-भाकरी सांगून ठेवतो. म्हटलं, हिंदुराव एकला येऊन हजेरी घेतील. म्हटलं, समिनाकडं जातो, दुकान गेलं खड्ड्यात. म्हटलं, एवढी जन्माची इच्छा माझ्या एका दांड्यापायी मोडू नकोस, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शेवटी शेवटी माझा आवाज बसला.

ती तांदूळ निवडत ऐकत होती. दुपारी जयवंता आली. दोघी आत कुजबुजत बसल्या. मी पाणी प्यायच्या निमित्तानं गेलो तर गप्प. जयवंता जाताना मला बघून हसली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

सोमवार, ४ मे

ती जाणार! सकाळी उठून बॅगेत हजचे पांढरे इहरामचे कपडे भरायला लागली. माझं भाषण लागू पडलं म्हणायचं. उशिरा का होईना, माझ्या शब्दाला या घरात वजन आहे.

एका गोष्टीचा मात्र राग आलाय. पंचवीस डबे गावात गेले, दोन दिवस झाले, एकही परत आलेला नाही. चांगले घट्ट झाकणाचे डबे. आपल्याकडं भांडं कधी रिकामं परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. इथं भरलेलं राहू द्या, रिकामंही येईना. जयवंताला म्हटलं तर म्हणते, "येतील की मिस्त्री. येळ झाली की येतील." मेहबूबला म्हटलं तर तीही तेच म्हणाली आणि बॅगेची चेन ओढत राहिली. गावात रीतभात उरलेली नाही.

मंगळवार, ५ मे

पहाटे गाव जमलं. हार, फुलं, गळाभेटी. जयवंता रडली, हिंदुराव नाक शिंकरत होते. सगळे तिला आमच्यासाठी दुवा माग म्हणत होते. ऋषिराजच्या गाडीतून मी तिला डाळजपर्यंत सोडायला गेलो. तिथून भाऊ, भावजय आणि ती मुंबईला जाणार.

हायवेला गाडीत बसायच्या आधी तिला बाजूला घेतलं. गुरुवारपासून ते मनात अडकून बसलं होतं. म्हटलं, "मेहबूब, तू माफी मागितली आणि मी पक्कड हालवत बसलो. तुला माफ करण्यासारखं माझ्याकडं काही नाही. तूच मला माफ कर. दोडका म्हस्कूला दिला, दांडा ओढला, चाळीस वर्सं तुला बाजारात मागं चालवलं, सगळ्यासाठी."

ती म्हणाली, "केलं. आता रडू नका, भाऊ बघतोय."

मी रडत नव्हतो. हायवेला धूळ फार असते.

गाडी गेली. भिगवणकडं वळेपर्यंत मी बघत होतो. मग पणदऱ्याला परत आलो. पाऊण वाजला होता. हॉटेलात जायचं म्हणून दुकानाची किल्ली काढली तर शटरपाशी पायरीवर डबा. आमचाच. झाकणावर तिच्या अक्षरात "५ मे, मुगाची उसळ." हा वरच्या थरातला, मीच शनिवारी टाकायला बाजूला काढला होता. आत गरम मुगाची उसळ आणि दोन भाकरी. जयवंताच्या हातची, तिच्या उसळीत खोबरं असतं. चला, एक तरी डबा रिकामा आला नाही.

बुधवार, ६ मे

पायरीवर पुन्हा डबा. "६ मे." पालक डाळ नव्हती, शेपू होता. सारजाआजीची सून देऊन गेली. गावात निदान दोघींना रीत माहीत आहे.

शनिवार, ९ मे

गुरुवारी डेअरीवाल्या रामच्या घरचा आला. काल शुक्रवार, समिनाकडं गेलो होतो. आज स्वप्नाली स्वतः घेऊन आली. "९ मे." मी म्हटलं, "पोरी, डबा परत द्यायचा तर यवडं कशाला केलं?"

ती म्हणाली, "परत कुठं देतोय चाचा? आमच्या वाटणीला नऊ तारीख आलीय. जून मदली बी एक हाय. भाबींनी जयवंतामावशीला सांगून ठिवलंय, मीठ बेतानं, गूळ-साखर न्हाय, आन एकच्या आत."

"कवा सांगितलं?"

"रविवारी की."

रविवारी. माझं पाऊण तासाचं भाषण सकाळी झालं होतं आणि जयवंता दुपारी आली होती. म्हणजे मेहबूब माझ्या भाषणानं गेली नाही. ही गोष्ट पचवायला मला डब्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दुपारी हिंदुरावांना विचारलं. त्यांना सगळं माहीत होतं. शनिवारी रात्रीच बायकांचं ठरलं होतं. जे आठ डबे टाकायला काढले होते, ते जयवंतानंच रिकामे करून घासून वाटले. त्यामुळं तेहतीसच्या तेहतीस तारखा गावात गेल्या आहेत. मी म्हटलं, "आवो, पण मेहबूबला तर उपकार नको होते."

हिंदुराव म्हणाले, "उपकार कसलं? तिचा डबा आमच्या घरात आला. त्यो रिकामा कसा द्यायचा? आन कवा द्यायचा, ती तारीख तिनंच वर लिवलीय."

मला हसूच आवरेना. दुकानात एकटा बसून हसत होतो. कित्येक वर्षांत एवढं मोकळं वाटलं नव्हतं. साखर तपासायची गरजसुद्धा वाटत नाही, तरी सोमवारी तपासतो. तिला कळवायला लागेल.

गुरुवार, १४ मे

मक्केहून रोज फोन येतो. पहिला प्रश्न, "जेवला का?" दुसरा, "कुणाचा डबा होता?" तिसरा, "मीठ कसं होतं?" तिकडचं विचारलं की म्हणते, "हाय बरं. लई गर्दी हाय." आणि पुन्हा डब्यावर येते. भावजय म्हणाली, खोलीतून एकटी बाहेर पडत नाही, पडली तर भावाचा शर्ट धरून चालते. मी तिला रोज सगळं तपशिलानं सांगतो, भाकरी किती, भाजी कसली. ऐकून तिला बरं वाटतं.

शनिवार, ३० मे

हज झालं. चार-पाच दिवस तिचा फोन नव्हता. भावाचा निरोप यायचा, सगळे खुशाल. ईदला समिनाकडं होतो, पण घास गोड लागला नाही.

आज पाऊण वाजता फोन वाजला. समोर डबा होता, "३० मे", म्हस्कूच्या घरचा, दोडका. मी मुद्दाम ठरवून ठेवलं होतं की दोडका सांगून तिला हसवायचं.

तिनं बोलायला सुरुवात केली ती थांबेचना. जिथं दिवसभर दुवा मागतात ते अराफातचं मैदान, सगळीकडं पांढरे कपडे, डोक्यावर ऊन, आणि कुणीतरी अनोळखी बाईनं तिच्यावर छत्री धरली. कुठल्या देशाची ते माहीत नाही, भाषा कळत नव्हती, दोघी एकमेकींचा हात धरून रडल्या. मुझदलिफाला उघड्यावर झोपली, सैतानाला मारायची दगडं वेचली. गर्दीत एकदा भावाचा हात सुटला. "आन म्या घाबरले न्हाय वो," म्हणाली. "सरळ चालत ऱ्हायले. तंबू माझा म्याच हुडकला." तिचा आवाज वेगळाच लागत होता. लग्न होऊन आली तेव्हा असा असायचा. सगळ्यांची नावं घेऊन दुवा मागितली म्हणाली, डब्याची एकेक तारीख आठवून.

मग भावानं हाक मारली असावी. "ठिवते," म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी फोन कानाला तसाच धरून बसलो. जेवलो का ते तिनं विचारलंच नाही. अकरा मिनिटं बोलली, आणि विचारायचं विसरली. एवढे दिवस निम्मी इथंच होती, माझ्या पायरीपाशी डबा आला का ते बघत. आज ती तिथं पोचली.

डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसलं. एक वाजला होता. हात धुतले आणि जेवायला बसलो.